जुन्या मोटारसायकलचे पॅकिंग: तेच ठेवायचे की नवे टाकायचे?

जुन्या मोटारसायकलचे इंजिन उघडले की झाकणाच्या कडेला चिकटलेला कागदाचा, कॉर्कचा किंवा तांब्याचा एक चपटा तुकडा हातात येतो, आणि तो परत बसवायचा की टाकून द्यायचा हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. हेच गास्केट, गॅरेजच्या बोलीत पॅकिंग. आजच्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण दुकानात गेले की त्याच मापाचे नवे मिळते. कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेली येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ किंवा यामाहा आरएक्स १०० यांच्या बाबतीत मात्र एखादे पॅकिंग महिनोन्महिने मिळत नाही, आणि जे मिळते ते मूळ जाडीचे असतेच असे नाही.

नागपुरात या गाड्या नुसत्या प्रदर्शनात उभ्या नसतात, त्या रोजच्या वापरात आहेत. त्यामुळे या विषयावर सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात, आणि तो बहुतेक वेळा दोन टोकांचा असतो. एक म्हणतो, एकदा उघडलेले पॅकिंग पुन्हा कधीही लावायचे नाही. दुसरा म्हणतो, शेलॅक (लाखेचा चिकट लेप) फासा आणि तेच बसवा. माझ्या मते या दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सुटते: ते पॅकिंग कोणत्या सांध्यात बसलेले आहे आणि त्या सांध्याला नेमके काय अडवायचे आहे. निर्णय त्यावर व्हायला हवा. पॅकिंग दिसायला किती चांगले आहे किंवा नवे केवढ्याला पडते, याचा विचार त्यानंतरचा.

इंजिनचे दोन भाग यंत्रावर कितीही काळजीपूर्वक घासून सपाट केले, तरी त्यांच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खाचा राहतात. दोन धातू नुसते एकमेकांवर आवळले तर या खाचांतून वायू आणि ऑइल वाट काढतात. म्हणून मध्ये मऊ पदार्थाचा थर ठेवतात. नट आवळले की हा थर दबतो, खाचांमध्ये शिरतो आणि थोडा मागे रेटत राहतो. शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. इंजिन तापते, निवते, थरथरते, आणि दोन भागांमधले अंतर केसाएवढे कमी-जास्त होत राहते. ज्या पॅकिंगमध्ये परत उसळण्याची ताकद उरलेली असते तेच ही कमी-जास्त भरून काढते. वर्षानुवर्षे दबून, भाजून, लाकडासारखे कडक झालेले पॅकिंग अखंड दिसत असले तरी त्याच्यात ही ताकद नसते. पॅकिंग म्हणजे गोंद नव्हे, हे एकदा पक्के ध्यानात ठेवले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

तापण्याचा परिणाम किती होतो याचा हिशेब करता येतो. बुलेटचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, आणि त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापमान १०० अंशांनी वाढले की १०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते, तर तेवढेच बीड जेमतेम ०.११ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेरीत हेड आणि सिलिंडर हे एकमेकांवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने घासू पाहतात, आणि ही ओढाताण मधल्या पॅकिंगला सोसावी लागते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की हेडचे पॅकिंग जाण्याचे खापर उन्हावर फोडले जाते. ऊन अगदीच निर्दोष नाही, पण एअरकूल्ड इंजिनचे हेड चालताना दीडशे अंशांच्याही वर तापते. बाहेरच्या दहा अंशांच्या फरकापेक्षा सैल राहिलेला नट किंवा वाकलेले हेड हेच कितीतरी अधिक वेळा खरे कारण असते. नागपूरच्या उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळ्याच पॅकिंगला होतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

हेडच्या सांध्याला पेटलेल्या मिश्रणाचा दाब आणि आच दोन्ही सोसायची असतात, म्हणून इथे सूट सर्वांत कमी. पत्र्याच्या दोन थरांमध्ये तंतूंचा किंवा ग्रॅफाइटचा थर भरलेले, सिलिंडरच्या तोंडाशी धातूची कडी असलेले पॅकिंग पुन्हा वापरू नये. त्यातला भरलेला थर पहिल्याच आवळण्यात कायमचा दबतो, त्याला बांधून ठेवणारा पदार्थ आचेने जळतो, आणि दुसऱ्यांदा बसवताना हेड जराशा वेगळ्या जागी टेकले की जुने वळ नव्या जागांशी जुळत नाहीत. चार दिवस ते टिकेलही. मग एका बाजूने वायू फुसफुसू लागतो, तिथला धातू खाल्ला जातो, आणि एका पॅकिंगची बचत हेडच्या दुरुस्तीत जाते.

याच ठिकाणी आरोग्याची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुन्या हेड पॅकिंगमध्ये आणि जुन्या राखाडी पॅकिंग शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणून असे पॅकिंग सुके खरवडू नये, त्यावर ग्राइंडर किंवा वायरब्रश चालवू नये आणि हवेच्या पाइपने धूळ उडवू नये. ते पाण्याने चांगले भिजवावे, चांगल्या प्रतीचा मास्क लावून ओलेच काढावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून टाकावे. गॅरेजमधली पोरे हे काम उघड्या तोंडाने करताना दिसली तर त्यांना थांबवणे हे गाडीमालकाचेही काम आहे.

सलग तांब्याच्या पत्र्याचे हेड पॅकिंग ही मात्र वेगळी जात आहे, आणि पुन्हा वापराचा सर्वांत समाधानकारक प्रकारही हाच. तांबे दाबाखाली कडक होते. त्याच्या स्फटिकांची रचना दबून ताणली जाते आणि ते पुढे दबेनासे होते. तेच तांबे तापवले की स्फटिक नव्याने जुळतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. भांडे ठोकताना तांबट ते अधूनमधून भट्टीत लालसर करून घेतो, त्यामागचे कारण हेच.

कृती सोपी आहे, पण घाई चालत नाही. आधी पॅकिंग स्वच्छ करून उजेडाकडे धरावे आणि सिलिंडरच्या भोकापासून स्टडच्या (हेड ज्यावर आवळतात त्या आट्यांच्या दांड्याच्या) भोकाकडे किंवा बाहेरच्या कडेकडे जाणारा काळा ओघळ दिसतो का ते पाहावे. असा ओघळ म्हणजे वायू निसटल्याची खूण. तिथे नखाला खाच लागत असेल तर ते पॅकिंग बाद समजावे. खाच नसेल तर ते लोखंडी तारेवर टांगावे आणि अंधाऱ्या जागी गॅस टॉर्चची ज्योत त्यावर गोल फिरवत राहावी. अंधार यासाठी की, भर उन्हात तापलेल्या तांब्याचा लाल रंग दिसतच नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवत राहतो. प्रथम तांब्यावर जांभळ्या-निळ्या छटा धावतात, मग ते काळपट होते, आणि त्यानंतर मंद लाली येते. ती लाली सगळ्या कड्यावरून एकदा फिरली की पुरे. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण पातळ कडेला तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. मग ते सरळ पाण्याच्या बादलीत सोडावे. पोलाद असे पाण्यात बुडवले तर कडक होते. तांब्याचे तसे नाही, ते पाण्यात निवो की हवेत, मऊच राहते. पाण्याचा फायदा इतकाच की वरची काळी पापडी तडकून गळून पडते. उरलेला काळेपणा लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने जातो. नीट मऊ झालेले पॅकिंग हातात धरले की स्वतःच्या वजनाने लवते आणि वाकवले तर उसळी न घेता तसेच राहते. ते सपाट काचेवर ठेवून बोटांनी सरळ करावे, हातोडी मारू नये, कारण ठोकले की ते पुन्हा कडक होऊ लागते.

ड्रेन नटखालच्या तांब्याच्या वॉशरलाही हाच उपाय लागू पडतो. ॲल्युमिनियमच्या पॅकिंगला तो तसाच्या तसा लावू नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याआधी लाल होऊन सूचनाही देत नाही. त्यावर कपड्यांच्या साबणाचा हात फिरवून मागच्या बाजूने हलकी आच देतात आणि साबण काळा पडला की लगेच थांबतात. ही रीत अनुभवी हातासाठी आहे. इतरांनी नवे घेणे शहाणपणाचे.

आता टू-स्ट्रोक गाड्यांकडे वळू, कारण तिथे चूक अधिक महाग पडते. येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० यांमध्ये चेंबर, म्हणजे क्रँककेस, हे केवळ क्रँक बसवण्याचे घर नसते. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये निर्वात तयार होऊन मिश्रण आत ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबून वर ढकलले जाते. सिलिंडरखालचे ब्लॉक पॅकिंग किंवा चेंबरच्या दोन अर्ध्या भागांमधले पॅकिंग जरासे जरी फुटले, तरी त्यातून बाहेरची हवा आत येते. पेट्रोल तेवढेच आणि हवा जास्त झाल्याने मिश्रण हलके पडते, आणि पेट्रोलबरोबरच ऑइल येत असल्यामुळे तेही अपुरे पडते. पिस्टन अवाजवी तापून सिलिंडरला धरतो. बुलेटचे पॅकिंग गळले तर खाली फरशीवर डाग दिसतो. टू-स्ट्रोकचे गळले तर बाहेर काहीच दिसत नाही. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनचे फेरे चढलेलेच राहणे आणि प्लग पांढुरका निघणे, एवढ्याच काय त्या खुणा. म्हणून टू-स्ट्रोकचे ब्लॉक पॅकिंग आणि चेंबरचे पॅकिंग प्रत्येक वेळी नवेच टाकावे, असे माझे ठाम मत आहे. जोडणी झाल्यावर शक्य असेल तर इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे रबराने बंद करून आत साधारण ६ पीएसआय दाबाची हवा भरावी, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. दाब याहून बराच वाढवला तर क्रँकचे ऑइल सील जागचे हलू शकतात.

या पॅकिंगची जाडी हाही नाजूक विषय आहे. आरएक्स १०० चा सिलिंडर ५० मिलिमीटर व्यासाचा आहे. ब्लॉक पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड पडले तर पिस्टनच्या डोक्यावरची जागा जवळजवळ १ घनसेंटिमीटरने वाढते, आणि त्याचबरोबर सगळे पोर्टही (सिलिंडरमधल्या मिश्रण आणि धूर जाण्याच्या खिडक्या) अर्धा मिलिमीटर वर सरकतात. गाडी सुरू होते, चालते, पण तिच्यातला जोर हरवतो. उलट पॅकिंग फार पातळ घेतले तर पिस्टन हेडला टेकण्याची भीती. बुलेटचा व्यास ७० मिलिमीटर आणि ज्वलनकक्ष मोठा असल्याने तिथे अर्ध्या मिलिमीटरने कॉम्प्रेशन फारसे बदलत नाही. पण सिलिंडर वर-खाली झाला की पुशरॉडचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांडीचे, अंतर बदलते. पॅकिंग आधीपेक्षा पातळ असेल तर टॅपेट घट्ट होतात, म्हणजे तिथली ठरलेली फट उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणून बुलेटचे ब्लॉक पॅकिंग बदलले की टॅपेट नव्याने लावणे सोडू नये. जुने पॅकिंग कितीही फाटलेले असले तरी त्याचा दबलेला एखादा चांगला भाग मायक्रोमीटरमध्ये धरून जाडी लिहून ठेवावी. जुन्या गाडीचे इतके विश्वसनीय माप दुसरीकडे क्वचितच मिळते.

नुसते ऑइल आत ठेवणाऱ्या झाकणांची पॅकिंगे ही पुन्हा वापरण्यासाठी सर्वांत योग्य. बुलेटच्या टॅपेटचे छोटे झाकण वारंवार उघडावे लागते. तिथले पॅकिंग दोन्ही बाजूंनी हलकेसे ग्रीस लावून बसवले तर ते दरवेळी अखंड निघते. क्लच साइडच्या झाकणाचेही तसेच. बुलेटच्या टायमिंग कव्हरला मात्र यात धरू नये. त्या सांध्यातून क्रँककडे जाणाऱ्या ऑइलची वाट आहे, त्यामुळे पॅकिंगमधले भोक जागेवर नसेल किंवा सीलंट (सांध्याला लावायचा चिकट लेप) त्या भोकात शिरले असेल तर इंजिनचे बिगएंड, म्हणजे क्रँकवरचे मोठे बेअरिंग, कोरडे पडते. तिथे भोके जुळवून, नवेच पॅकिंग लावावे. त्याच बुलेटच्या प्रायमरी चेनच्या मोठ्या झाकणाला कागदी पॅकिंग नसून रबराची कडी असते आणि ते मधल्या एकाच नटावर आवळले जाते. कडी कडक झाली की गळती थांबवण्यासाठी नट अधिकाधिक आवळला जातो आणि झाकण वाकते. गळतीवर खरा उपाय नवी कडी हाच आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचा त्रास होतो तो कागदाच्या आणि कॉर्कच्या पॅकिंगला. एप्रिल-मे महिन्यांतली आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कपाटात ठेवलेला नवा पॅकिंग सेटही आटतो. मग बसवायला जावे तर भोके स्टडवर जुळत नाहीत, आणि दुकानदाराने चुकीचा सेट दिला असे वाटते. अशा वेळी ते ओढून ताणून बसवल्यास फाटते. ओल्या पंच्यात गुंडाळून तासभर ठेवले, किंवा फारच आटले असेल तर कोमट पाण्यात बुडवले, की ते पूर्ववत पसरते आणि अलगद बसते. साठवण्यासाठी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावे. खिळ्याला टांगून ठेवण्याची सवय टाळावी.

पॅकिंग मिळतच नसेल तर ते कापून घेता येते. इतवारीत पॅकिंग शीट वेगवेगळ्या जाडीत मिळते. पाव, अर्धा आणि एक मिलिमीटर या जाड्या जवळ असल्या की बरेचसे काम भागते. बहुतेक जण शीट झाकणावर ठेवून कडेकडेने हातोडी मारत कापतात. हे झटपट होते, पण ॲल्युमिनियमची धार दबून तिथे कायमचा पोचा पडतो, आणि पुढची सगळी पॅकिंगे त्याच जागी गळतात. त्यापेक्षा झाकणाच्या कडेला बोटाने काळे ऑइल लावावे, शीट त्यावर दाबून ठसा घ्यावा, आणि सर्वांत आधी बोल्टची भोके पोकळ पंचाने लाकडी ठोकळ्यावर पाडावीत. भोके आधी पाडल्याने दोन बोल्ट घालून शीट जागेवर पक्की धरता येते आणि बाहेरची रेघ सरकत नाही. आतली आणि बाहेरची कड धारदार कात्रीने शेवटी कापावी. तांब्याचे हेड पॅकिंग हवे असेल तर हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या पत्रा कापणाऱ्या कारखान्याकडे जुना नमुना नेणे अधिक योग्य, कारण घरी कापलेल्या तांब्याच्या कडेला बारीक कंगोरे राहतात.

पॅकिंग जुने असो वा नवे, पृष्ठभाग खराब असेल तर ते गळणारच. जुना थर काढताना स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. थिनरचा बोळा त्यावर काही वेळ ठेवून तो मऊ करावा आणि बांबूच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या चपट्या तुकड्याने सोलून काढावा. मग जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवून त्यावर झाकण इंग्रजी आठच्या आकारात, जोर न लावता फिरवावे. सगळीकडे सारखी चमक आली की पृष्ठभाग सपाट झाला. एखाद्या कोपऱ्यात काळा डाग तसाच राहिला तर तो भाग खोलगट आहे. हेडच्या बाबतीत सरळ पट्टी ठेवून खाली ०.०५ मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) शिरते का ते पाहावे. शिरत असेल तर पॅकिंग बदलण्याआधी हेड मशीनवर सपाट करून घ्यावे.

सीलंटबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते चांगल्या पृष्ठभागाला त्याची गरज कमी असते, आणि जिथे लागते तिथे नखाइतका पातळ थर पुरतो. सिलिकॉन जाड लावले की आवळताना ते दोन्हीकडे बाहेर पडते. बाहेरचे दिसते आणि पुसले जाते. आतले तुटून ऑइलच्या जाळीत जाऊन अडकते. पेट्रोलचा संबंध असलेल्या सांध्यावर साधे सिलिकॉन अजिबात चालत नाही, ते फुगते आणि सुटते. शेलॅक पूर्वी तिथे चालत असे. पळस-कुसुमाच्या झाडांवरल्या लाखेपासून होणारा हा पदार्थ खनिज तेलाला दाद देत नाही. पण तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे स्पिरिटच, असते. म्हणून कार्बोरेटरवर शेलॅक लावण्याची जुनी सवय सोडून तिथे योग्य प्रकारच्या रबराचे किंवा कागदाचे नवे पॅकिंग कोरडेच बसवावे.

बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत सगळी पॅकिंगे नवी टाकूनही ऑइल पाझरत असेल, तर पुन्हा पॅकिंग उघडण्याआधी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला दाब बाहेर सोडण्याची वाट, तपासावा. ३४६ सीसीचा एकच पिस्टन खाली येताना चेंबरमधली तेवढीच हवा ढकलतो, आणि ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडते. ब्रीदरची नळी चोंदली असेल किंवा त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह कडक झाला असेल, तर हा दाब जो सांधा सर्वांत कच्चा असेल तिथून ऑइल घेऊन बाहेर पडतो. एक सांधा बंद केला की दुसरा गळू लागतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ज्वलनाचा वायूही खाली उतरून त्यात भर घालतो.

शेवटी आवळणे. हेडचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन-चार टप्प्यांत, त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत. स्टडच्या आट्यांवर गंज किंवा सीलंट राहिले तर रेंच आकडा बरोबर दाखवतो, पण पॅकिंगवर प्रत्यक्षात तेवढा दाब पडत नाही, म्हणून आटे आधी साफ करावेत. पहिल्यांदा गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून ती रात्रभर निवू द्यावी आणि सकाळी, इंजिन थंड असतानाच, नट पुन्हा तपासावेत. नव्या किंवा मऊ केलेल्या पॅकिंगवर ते थोडे सैल लागणे स्वाभाविक आहे. रामटेकला जाऊन यावे एवढे, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, अंतर झाले की आणखी एकदा पाहावे आणि बुलेट असेल तर त्याच बैठकीत टॅपेटही तपासून घ्यावेत. त्यानंतरही हेडच्या सांध्यावर काळपट ओल दिसली तर नट आणखी आवळत बसू नये. ॲल्युमिनियममधले आटे तुटले तर दुरुस्ती पॅकिंगपुरती राहत नाही; हेड उतरवून सपाटी मोजणे हाच पुढचा टप्पा आहे.